एक्झॉस्ट पंखा, तळघरातील स्नानगृहाचा

अमेरिका व कॅनडातील घरांच्या तळघरात असलेल्या स्नानगृहातील दमट हवा नळीवाटे घराबाहेर टाकणारी यंत्रणा. तळघराची खिडकी लहान असते किंवा नसतेच. जमिनीला टेकलेल्या थंड काँक्रीटवर वाफेचे लवकर पाणी होते आणि बुरशी येते.

क्षमता : ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड’ या अमेरिकी बांधकाम-नियमावलीनुसार गरजेपुरत्या चालणाऱ्या पंख्याने मिनिटाला किमान ५० घनफूट, तर सतत चालणाऱ्याने २० घनफूट हवा बाहेर टाकावी. हवा माळ्यात किंवा जमिनीखालच्या पोकळीत सोडलेली चालत नाही. होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटचा (स्थापना १९५५) ठोकताळा असा : १०० चौ. फुटांपर्यंत दर चौ. फुटाला १ घनफूट. त्यापुढे कमोड, शॉवर व टब यांना प्रत्येकी ५०. पंख्यावर छापलेला आकडा बहुधा पाण्याच्या ०.१ इंच उंचीइतक्या दाबाविरुद्ध मोजलेला असतो. लांब, वळणावळणाच्या नळीत तो टिकत नाही.

नळीचा मार्ग : कामाचे यशापयश यावरच ठरते. वरच्या मजल्यावरून नळी माळ्यातून छपराबाहेर काढता येते. तळघराच्या डोक्यावर मात्र राहते घर असते. म्हणून पंखा छतातील दोन जॉइस्टमधल्या (वरचा मजला पेलणाऱ्या आडव्या तुळयांमधल्या) गाळ्यात बसवतात आणि नळी त्याच गाळ्यातून बाहेरच्या कडेच्या रिम जॉइस्टपर्यंत नेतात. जॉइस्ट आडवे भेदून जाणे सहसा जमत नाही. अखंड लाकडी जॉइस्टमध्ये भोकाचा व्यास त्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक असू नये आणि भोक वरच्या व खालच्या कडेपासून २ इंच आत असावे, असा नियम आहे. ‘दोन बाय दहा’चा जॉइस्ट प्रत्यक्षात ९¼ इंच उंच असतो, म्हणजे भोक जेमतेम ३ इंची, तर नळी ४ इंची. त्यामुळे जॉइस्टची दिशा प्रतिकूल असली तर पंख्याची जागा बदलावी लागते किंवा नळी जॉइस्टखालून नेऊन खोट्या छतात झाकावी लागते.

रिम जॉइस्टला होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) ४¼ इंची भोक पाडतात. बाहेरचे तोंड उघडणाऱ्या खिडकी-दारापासून किमान ३ फूट दूर आणि साचणाऱ्या बर्फाच्या वर ठेवतात. त्याला वाऱ्याने उलटी हवा येऊ न देणारी झडप असते. नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार देतात, म्हणजे आत जमलेले पाणी पंख्यावर टपकत नाही. थंड प्रदेशात नळीवर उष्णतारोधक वेष्टन हवेच. प्रत्येक एल्बोमागे (वळणाच्या जोडामागे) नळीची परवानगीयोग्य लांबी १५ फुटांनी कमी धरतात. गुळगुळीत पत्र्याची नळी लवचीक नळीपेक्षा सरस. सांध्यांना कापडी टेपऐवजी फॉइल टेप लावतात.

भरपाईची हवा : बाहेर गेलेल्या हवेच्या जागी हवा आत यावी म्हणून दाराखाली सुमारे पाऊण इंच फट ठेवतात.

धोके : तळघरातच नैसर्गिक ओढीच्या धुराड्याचा गॅस वॉटर हीटर असेल, तर पंख्याच्या ओढीने त्याचा धूर उलटा फिरून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. मोठ्या क्षमतेचा पंखा बसवल्यावर दारे-खिडक्या बंद करून धूर उलटा फिरतो का, हे तपासतात. जमिनीतील रेडॉन वायूही ओढला जाऊ शकतो; त्याचे प्रमाण घरागणिक बदलते. उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा आत ओढणारा पंखा कितपत उपयोगी, याबद्दल मतभेद आहेत.

विद्युत जोडणी : शॉवरवर बसवायचा पंखा त्या जागेसाठी मान्य असावा व जीएफसीआय (वीजगळती होताच प्रवाह तोडणारे साधन) संरक्षित मंडलावर जोडावा.

भारतात : घरगुती तळघरात स्नानगृह विरळाच. सदनिकांमध्ये पंखा खिडकीच्या जाळीत बसवून हवा इमारतीच्या डक्टमध्ये सोडतात.