गुलाबी बोंडअळीची बीटी-प्रतिकारक्षमता

गुलाबी बोंडअळी (शास्त्रीय नाव: पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) ही मुख्यत्वे कपाशीवर जगणारी कीड असून तिला शेंदरी बोंडअळी असेही म्हणतात. बीटी कपाशीतील विषारी प्रथिनांविरुद्ध तिच्यात निर्माण झालेली प्रतिकारक्षमता हे माणसाच्या हयातीतच घडलेल्या उत्क्रांतीचे ठळक उदाहरण होय. वर्धा जिल्ह्यातील केळझर (ता. सेलू) हे गाव विदर्भातील ज्या कपाशीच्या पट्ट्यात येते, त्याला या बदलाची मोठी झळ बसली.

भारतात 'क्राय १ एसी' प्रथिनयुक्त कपाशीला २००२ मध्ये, तर 'क्राय २ एबी'ची जोड असलेल्या बोलगार्ड-२ ला २००६ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या प्रथिनाला दाद न देणाऱ्या अळ्या २०१० पर्यंत गुजरातेत नोंदल्या गेल्या. पुढे दुसरेही निष्प्रभ ठरू लागले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात पिकाचे मोठे नुकसान झाले.

बदलाचा वेग

अनुकूल हवामानात या किडीची एक पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते. विषातून वाचलेल्या अळ्यांचीच संतती वाढत गेल्याने प्रतिकारक्षम जनुकांचे प्रमाण पिढीगणिक वाढते. तथापि केवळ पिढ्यांच्या संख्येवरून वेग ठरत नाही. अमेरिकेतील ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कपाशी असूनही शेतांत प्रतिकारक्षमता बळावली नाही. तेथे बिगर-बीटी कपाशीचे 'आश्रय पीक' राखले गेले. त्यावरील संवेदनशील पतंगांशी संकर झाल्याने प्रतिकारक्षमता विरळ राहिली. पुढे वंध्य पतंगही सोडण्यात आले व २०१८ मध्ये त्या देशातून किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

भारतात ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई, परंतु ते क्वचितच पेरले गेले. याचा दोष एकट्या शेतकऱ्याला देणे न्याय्य नाही. दोन-चार एकरांच्या धन्याने काही ओळी अळीसाठी सोडाव्यात, ही अपेक्षाच अवघड होती. शिवाय दीर्घ मुदतीची संकरित वाणे आणि फरदड यांमुळे किडीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत राहिले.

व्यवस्थापन

फरदड टाळणे, वेचणीनंतर पऱ्हाटी नष्ट करणे व डोमकळ्या तोडून टाकणे हे मुख्य उपाय होत. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजण्याची शिफारस आहे.