रिकामे घर कोणाचे?

माझे विद्यार्थी शिकायला पुण्याला जातात. भाडे परवडते, पण नाव सांगताच खोली ‘आधीच दिलेली’ असते.

आमच्या विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश होता. तो लागू असलेल्या ठिकाणी घर रिकामे होताच मालकाने कलेक्टरला कळवायचे. कलेक्टर ते सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला देण्याचा हुकूम काढू शके.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली. धर्म पाहून घर नाकारणाऱ्याला मात्र रोखले नाही. ही अडचण सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवली.

जुना हुकूम परत नको. पण रिकामे घर ही केवळ मालकाची खासगी बाब नाही, हे सरकारने तेव्हा मानले होते. आज ते कोण मानतो?