साहेबाने न वसवलेलं तोरणमाळ

धुळ्या-जळगावच्या माणसाला उन्हाळ्याचं वर्णन ऐकवायची गरज नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा 45च्या पुढे जातो, तापीकाठची काळी जमीन भेगाळते आणि दुपारी बाजारपेठेत चिटपाखरू दिसत नाही. म्हणून मला लहानपणापासून एक कोडं पडलेलं आहे. 1818 साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला. 1828 साली सर जॉन माल्कमने महाबळेश्वर वसवायला घेतलं. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढला. मुंबईत 1842 पासूनच साहेबलोकांचा गोल्फ क्लब होता. पुढे नाशिकला आणि महाबळेश्वरलाही गोल्फची मैदानं झाली. मग साडेतीन हजार फुटांहून उंच, माथ्यावर भलंमोठं तळं असलेलं आमचं सातपुड्यातलं तोरणमाळ कसं सुटलं? पाणी होतं, गारवा होता, मोकळा माळ होता.

माझे आजोबा शहाद्याचे. त्यांच्याकडे याचं एका शब्दात उत्तर होतं: हिवताप. सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात पावसाळ्यानंतर गेलेला परका माणूस धड परत येत नसे, असं त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. पायथा ओलांडल्याशिवाय माथा गाठता येत नाही. माथ्यावरची हवा कितीही चांगली असली तरी बायकापोरांना पालखीत बसवून त्या रानातून कोण नेणार?

दुसरं कारण आजोबा सांगत नसत, पण मला ते तितकंच मोठं वाटतं. हा डोंगर रिकामा नव्हता. भिल्ल आणि पावरा आदिवासी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि इंग्रजांचा अंमल त्यांनी सुखासुखी मानला नाही. फौजा पाठवून काही साधेना, तेव्हा 1825 साली भिल्लांचीच पलटण उभारायचं ठरलं. ते काम जेम्स आउट्रमकडे आलं आणि धरणगाव तिचं ठाणं झालं. चाळीसगावजवळच्या औट्रम घाटात त्याचं नाव अजून टिकून आहे. एवढं करूनही डोंगर शांत झाला नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला आणि एप्रिल 1858 मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. अशा डोंगरात चहाची टेबलं मांडायला कोण जाणार? मला याचा अभिमान आहे.

रेल्वे आली तीही खाली, तापीच्या खोऱ्यात. सुरतेहून नंदुरबारमार्गे अंमळनेरपर्यंतचा लोहमार्ग 1900 च्या सुमारास झाला. माथेरानला 1907 साली छोटी गाडी वर चढली. तोरणमाळवर मात्र कुणी रूळ टाकले नाहीत.

खानदेशात साहेब राहिला तो मुक्कामापुरता. दौऱ्यासाठी, शिकारीसाठी त्याने बंगले बांधले. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणातला लांडोर बंगला त्यांतलाच. पण आज तो साहेबाच्या नावाने ओळखला जात नाही. कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 31 जुलै 1937 रोजी तिथे उतरले. त्या आठवणीपायी दर 31 जुलैला हजारो माणसं तो चढ चढतात. पावसाची भुरभुर असते, खाली लळिंगचा धबधबा वाहत असतो, बायका डोक्यावर पदर घेऊन पोरांना कडेवर घेऊन येतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही क्लबच्या व्हरांड्यापेक्षा हा व्हरांडा मला मोलाचा वाटतो.

तोरणमाळलाही लोक आले ते आपल्या पायांनी, देवाच्या ओढीने. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते. खानदेशाबरोबर मध्य प्रदेशातून आणि गुजरातेतूनही भाविक येतात. मच्छिंद्रनाथाची गुहा, जुन्या तटबंदीचे अवशेष, यशवंत तलाव आणि कमळांचं तळं पाहिलं की लक्षात येतं, या माथ्यावर वस्ती होती, राबता होता. हा माथा शोधून काढायला कुणा कलेक्टरची गरज नव्हती. आजोबांच्या तरुणपणी यात्रेकरू पायथ्याशी बैलगाडी सोडत आणि कळण्याच्या भाकरी, ठेचा फडक्यात बांधून पायी वर जात. आता शहाद्याहून म्हसावदमार्गे गाडी जाते आणि सातपायरी घाटातली वळणं चढून थेट तळ्याशी पोचते.

1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तोरणमाळ तिकडे गेलं. आम्ही धुळेकर तरी त्याला आमचंच म्हणतो. वर आता पर्यटकांसाठी निवासस्थानं आहेत आणि मोठ्या रिसॉर्टची बोलणी अधूनमधून कानावर येतात. ती ऐकताना मला नर्मदाकाठ आठवतो. तोरणमाळच्याच अक्राणी तालुक्यातली आणि शेजारच्या अक्कलकुव्यातली मिळून 33 गावं सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आली. पाण्याकाठची जमीन इथल्या माणसांच्या हातून एकदा गेलेली आहे. तेव्हा तळ्याकाठी जे काही उभं राहील त्याची मालकी पावरा-भिल्ल कुटुंबांकडे असावी, नुसती वेटरची नोकरी नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

जायचं असेल तर पाऊस ओसरताना जा. सीताखाईच्या दरीत तेव्हा पाणी कोसळत असतं. निवांतपणा हवा असेल तर महाशिवरात्र टाळा. पण हे ठिकाण कुणाचं आहे ते पाहायचं असेल, तर त्याच गर्दीत जा आणि लोकांबरोबर पंगतीला बसा.