अनेकांच्या मालकीची खूण

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत क्वीन्स नावाचे कॉलेज आहे. दोन्ही नावे कानाला सारखीच लागतात. लिहिताना मात्र ती वेगळी होतात. ऑक्सफर्डचे कॉलेज 1341 साली स्थापन झाले आणि तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा हिच्यावरून त्याला नाव मिळाले. राणी एक, म्हणून अपॉस्ट्रॉफी ही मालकीची खूण शेवटच्या ‘एस’च्या आधी. केंब्रिजच्या कॉलेजला 1448 साली मार्गारेट ऑफ आंजू हिचा आणि पुढे 1465 साली एलिझाबेथ वुडव्हिल हिचा राजाश्रय लाभला. राण्या दोन, म्हणून अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या नंतर. हा भेद पाहून कोणालाही वाटेल की ही खूण इंग्रजी भाषेइतकीच जुनी असणार. प्रत्यक्षात या दोन्ही कॉलेजांची पायाभरणी झाली तेव्हा इंग्रजीत हे चिन्हच नव्हते. केंब्रिजच्या नावात ते आजच्या जागी पक्के बसले ते 19व्या शतकात. अनेकवचनी षष्ठीची ही खूण बोलण्यातून उगवलेली नाही; छापखाने आणि व्याकरणकार यांनी ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी घडवली. तिच्यावर घेतले जाणारे बहुतेक आक्षेप हा इतिहास नजरेआड केल्यामुळे निर्माण होतात, आणि तिचे खरे मोलही या इतिहासातूनच कळते.

जुन्या इंग्रजीला अशा खुणेची गरजच नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्या भाषेत ‘राजाचा’ म्हणायला क्युनिंगेस, ‘राजांचा’ म्हणायला क्युनिंगा आणि ‘राजे’ म्हणायला क्युनिंगास अशी तीन वेगळी रूपे होती. विभक्ती आणि वचन दोन्ही प्रत्ययातच ऐकू येत. पुढच्या काही शतकांत शब्दाच्या शेवटचे स्वर बोथट होत गेले, अनेक प्रत्यय गळाले, आणि ‘एस’चा एकच प्रत्यय सगळीकडे पसरला. राजे, राजाचा आणि राजांचा या तिन्हींचा उच्चार एकच झाला, तो आजही एकच आहे. बोलणाऱ्यांचे त्यावाचून फारसे अडले नाही, कारण संदर्भ, शब्दक्रम आणि ‘ऑफ’सारखे शब्द त्यांच्या मदतीला होते. पण लिखित वाक्याच्या हातून वचन सांगण्याचे एक साधन निसटले, आणि ते कित्येक शतके परत आले नाही.

अपॉस्ट्रॉफी आली ती वेगळ्याच कामासाठी. ग्रीक लेखनातली ही कल्पना 16व्या शतकाच्या आरंभी इटालियन आणि फ्रेंच मुद्रकांनी उचलली आणि त्या शतकाच्या मध्यास ती इंग्रजीत पोहोचली. काम एकच होते: गाळलेल्या स्वराची जागा दाखवणे. एकवचनी षष्ठीच्या जुन्या ‘एस’ प्रत्ययामागचा ‘ई’ उच्चारातून गेला होता, म्हणून तिथेही ती हळूहळू येऊ लागली. शेक्सपिअरची नाटके 1623 साली एकत्र छापली गेली, तेव्हाही षष्ठीत ती क्वचितच दिसते. दरम्यान एक चुकीची समजूतही रुजली होती. हा ‘एस’ म्हणजे ‘हिज’ या सर्वनामाचा संक्षेप, असे अनेकजण मानत. बेन जॉन्सनच्या 1605 सालच्या ‘सेजेनस हिज फॉल’ या नाटकाच्या नावात तशीच रचना दिसते. जोसेफ ॲडिसननेही 1711 साली हेच मत मांडले. सॅम्युएल जॉन्सनने 1755 सालच्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात ते खोडून काढले. हा ‘एस’ स्त्रीवाचक नामांना लागतो आणि ‘स्त्रियांच्या’ यासारख्या बहुत्वाच्या रूपांनाही लागतो, मग तिथे ‘त्याचे’ हा अर्थ कसा बसणार, असा त्याचा बिनतोड मुद्दा होता.

खरी अडचण अनेकवचनाची होती. ‘एस’ने संपणाऱ्या अनेकवचनाची षष्ठी करताना कोणतेच अक्षर गळत नाही, मग गाळल्याची खूण कशी द्यायची? या शंकेपोटी 18व्या शतकात बराच काळ अनेकवचनी षष्ठी खुणेविनाच लिहिली जाई. अमेरिकेत जन्मलेला आणि पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेला लिंडली मरे याने 1795 सालच्या आपल्या शालेय व्याकरणात नियम स्वच्छ मांडला: अनेकवचन ‘एस’ने संपत असेल तर दुसरा ‘एस’ गाळावा, खूण मात्र ठेवावी. हे पुस्तक इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांत दूरवर गेले आणि नियमही त्याच्याबरोबर गेला. आजची रीत तीच आहे. आधी अनेकवचन तयार करायचे. ते ‘एस’ने संपले तर फक्त खूण जोडायची, चिल्ड्रन, मेन, विमेन यांसारखे ‘एस’विना संपले तर खूण आणि ‘एस’ दोन्ही जोडायचे. जोन्स कुटुंबाचे घर सांगायचे तर आधी ‘जोन्सेस’ असे अनेकवचन करून त्याच्या शेवटी खूण द्यायची. हा क्रम पाळला की गोंधळ उरत नाही.

पहिला आक्षेप असा की जे ऐकू येत नाही ते लिहायचे कशाला? बोलताना वक्ता समोर असतो, त्याला थांबवून विचारता येते. कागदाला विचारता येत नाही. अमेरिकेतल्या मातृदिनाचे उदाहरण पाहावे. ज्युलिया वॉर्ड हाउ यांनी 1870च्या दशकात शांततेसाठी मातांचा दिवस पाळण्याची हाक दिली. तो दिवस अनेक मातांचा, म्हणून तिथे खूण ‘एस’च्या नंतर शोभते. ॲना जार्व्हिस यांनी 1908 पासून जो दिवस रूढ केला त्यात खूण ‘एस’च्या आधीच हवी, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येकाने आपल्या एका आईचे स्मरण करावे, हा त्यामागचा हेतू. अध्यक्ष विल्सन यांच्या 1914 सालच्या घोषणेत हे एकवचनच आले. एक दिवस सार्वजनिक कृतीचा, दुसरा घरगुती कृतज्ञतेचा. हा फरक ती एक खूण जागा बदलून सांगते. मुंबईत रीगल सिनेमासमोरची, आज राज्य पोलिसांचे मुख्यालय असलेली इमारत 1870च्या दशकात ‘सेलर्स होम’ म्हणून उभी राहिली. इंग्रजी नावात ‘एस’नंतर खूण होती, कारण ते एका खलाशाचे घर नव्हते, बंदरात उतरणाऱ्या साऱ्या खलाशांचा आसरा होता.

दुसरा आक्षेप व्यवहारातून येतो. अमेरिकेचे भौगोलिक नावांचे मंडळ 1890 साली स्थापन झाले, आणि षष्ठीची खूण नावांत नको, हे त्याचे जुने धोरण. मार्थाज व्हिनयार्डसारखे अपवाद मोजकेच. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्टला खूण आहे, जवळच्या बॅरन्स कोर्टला नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी 2012 साली ती काढून टाकली. यावरून खूण मरणपंथाला लागली असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. ठिकाणाचे किंवा दुकानाचे नाव ही ओळखपाटी असते. वापराने तिचा मूळ अर्थ झिजतो आणि मालक कोण हे कोणी विचारत नाही. वाक्याचे तसे नाही. भाडेकरूचे हक्क की भाडेकरूंचे, कामगाराची मागणी की कामगारांची, हे करारात किंवा निकालपत्रात संदिग्ध राहिले तर माणसांचे नुकसान होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: ही खूण माणसांना कमी लेखण्याचे हत्यार झाली आहे. भाजीवाल्याने फलकावर साध्या अनेकवचनाला खूण दिली की शिकलेले लोक हसतात. इतिहास या हसण्याच्या बाजूने नाही. 17व्या आणि 18व्या शतकांत परभाषेतून आलेल्या, स्वराने संपणाऱ्या शब्दांचे अनेकवचन याच खुणेने करण्याची रीत शिष्टसंमत होती. म्हणून चुकीबद्दल कोणाला हिणवणे अन्याय्यच आहे. पण हिणवणे सोडावे म्हणजे नियमही सोडावा असे होत नाही. उलट तो कारणासह सर्वांना शिकवावा, म्हणजे तो मूठभरांचा अलंकार राहणार नाही.

मराठी वाचकाला हे पटायला जड जाऊ नये. 1962 साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हा उच्चारात नसलेले व्युत्पत्तीचे अनुस्वार वगळले गेले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार राखला गेला. ‘मुलाचे’ आणि ‘मुलांचे’ यांतला फरक त्या एका टिंबावर उभा आहे. ज्या खुणेने अर्थ बदलत नव्हता ती गेली, जिने अर्थ बदलतो ती राहिली. इंग्रजीच्या खुणेलाही हीच कसोटी लावावी. तिचा उगम गाळलेल्या अक्षरात असो वा व्याकरणकाराच्या निवाड्यात, एक आणि अनेक यांतला जो भेद इंग्रजीच्या उच्चारातून हरवला, तो लेखनात परत आणण्याचे काम ती करते. तेवढ्या कामासाठी ती टिकली पाहिजे, आणि आपल्या वर्गांतही पाठांतराचा नियम म्हणून नव्हे तर या कामासाठीच शिकवली गेली पाहिजे.