रक्तांतील खूण

अमरावतीहून मुंबईस जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांत, बडनेरा किंवा अकोला मागें पडतांना, बहुधा एखादी तरी वऱ्हाडी बाई परळच्या टाटा रुग्णालयाचे कागद पिशवींत सांभाळून बसलेली असते. तें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. आणि दादरला अशा रोग्यांना आसरा देणारी धर्मशाळा ज्यांच्या नांवानें चालते, ते गाडगे महाराज अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचेच. स्तनाची शस्त्रक्रिया होऊन बाई घरीं परतली, म्हणजे नवा घोर सुरू होतो. रोग पुन्हा उलटेल काय, आणि उलटलाच तर तो आधीं रक्तांत कळेल काय?

हा शोध जुना आहे. १८६९ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर ॲशवर्थ यांना कर्करोगानें मेलेल्या एका मनुष्याच्या रक्तांत गांठींतल्यासारख्याच पेशी दिसल्या. १९४८ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मांदेल व मेते यांनीं पेशींबाहेर, नुसत्या रक्तद्रवांत, न्यूक्लिक आम्लें असल्याचें दाखविलें; त्या वेळीं त्याची फारशी दखल कोणी घेतली नाहीं. १९८० नंतर 'सीए १५-३' ही चाचणी प्रचारांत आली. गांठीच्या पेशींवरील प्रथिनाचे तुकडे सुटून रक्तांत येतात, ते मोजावयाचे, एवढेंच तिचें मर्म. पण यकृताच्या दुखण्यांतही हा आंकडा चढतो, आणि रोग थोडा असतांना पुष्कळदां चढतच नाहीं.

तरीही आधीं कळलें तर आधीं औषध, हा हिशेब कोणासही पटेल असाच होता. तो इटलींत तपासला गेला. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील एका प्रयोगांत शस्त्रक्रिया झालेल्या १३२० स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाच्या छातीचीं, हाडांचीं, यकृताचीं छायाचित्रें व रक्ततपासण्या ठराविक मुदतीनें होत. दुसऱ्याची साधी डॉक्टरी तपासणी व स्तनाचें वार्षिक क्ष-किरण छायाचित्र. जगण्यांत फरक पडला नाहीं, सुखासमाधानांतही नाहीं.

आतां गांठीचा डीएनए रक्तद्रवांत ओळखतां येतो, व कांहीं वेळां तो छायाचित्राच्या कित्येक महिने आधीं दिसतो. परंतु झपाट्यानें वाढणाऱ्या एका प्रकारच्या स्तनकर्करोगावर ब्रिटनमध्यें प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. रक्तांत खूण सांपडतांच शरीर तपासलें, तों औषध द्यावयाच्या गटांतील ३२ पैकीं २३ स्त्रियांत रोग आधींच पसरलेला! खूण लवकर मिळाली असें म्हणावयाचें तरी कसें?

म्हणूनच तक्रार नसलेल्या बाईचें रक्त 'सीए १५-३' साठीं वारंवार तपासावें, असा सल्ला अमेरिकेंतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २००७ च्या नियमांत दिला नाहीं. पहिलीं तीन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं डॉक्टरांनीं विचारपूस करून हातानें तपासावें, वर्षांतून एकदां स्तनाचें छायाचित्र काढावें. हाड दुखूं लागलें, खोकला हटेना, धाप लागूं लागली, तर मात्र पुढील तपासण्या लगेच. एवढें अकोल्यांत आणि अमरावतींतही होतें. त्यासाठीं मुंबईची गाडी धरावी लागत नाहीं.