ईमचे सेंट लॉरेन्स चर्च

ईम हे इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील डोंगराळ भागातले छोटे गाव. गावाच्या मध्यभागी सेंट लॉरेन्सचे दगडी चर्च आहे. त्याच्या आवारातला कोरीव क्रूस आठव्या शतकाच्या सुमाराचा, म्हणजे चर्चच्या आजच्या इमारतीहूनही जुना आहे.

१६६५ मध्ये लंडनहून गावातल्या शिंप्याकडे कापड आले आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असे परंपरा सांगते. सप्टेंबरात शिंप्याचा मदतनीस दगावला आणि साथ घरोघर पसरली. १६६६ च्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून गावाने आपली वेस बंद केली. चर्चला कुलूप लागले. प्रार्थना जवळच्या घळीत, उघड्यावर होऊ लागली. आप्तांना आपापल्या शेतात किंवा परसात पुरावे लागले. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली.

शेजारची गावे शिवेवर धान्य ठेवत. तिथल्या एका दगडात लहान खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर भरून गावकरी मोबदल्याची नाणी बुडवून ठेवत, म्हणजे रोग पैशाबरोबर बाहेर जाऊ नये.

नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ संपली तेव्हा सुमारे २६० माणसे गेली होती. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरिन त्यांतलीच. तिची कबर चर्चच्या आवारात, त्या जुन्या क्रुसाजवळ आहे. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या घळीत स्मरणप्रार्थना होते.