शैक्षणिक खेळांचे गटमूल्यमापन

शैक्षणिक खेळांचे गटमूल्यमापन : एखादा खेळ वर्गात घ्यावा की नाही, घेतल्यास कोणत्या इयत्तेला, कोणत्या घटकासाठी आणि काय बदल करून, हे शिक्षकांनी एकत्र बसून ठरवण्याची पद्धत. शिक्षक आधी तो खेळ स्वतः खेळतात, मग मुलांना खेळताना पाहतात आणि त्यानंतर मत देतात. पटावरचे खेळ, पत्ते, मैदानी खेळ, बाजार-दुकानासारखे नाट्यखेळ, तसेच मोबाइल व टॅबवरचे खेळ या सर्वांना ही पद्धत लागू पडते.

हे काम एकट्याने नीट होत नाही. खेळ चालवणारा शिक्षक पाळी कोणाची, फासा कुठे गेला, भांडण का झाले, यातच गुंतलेला असतो. त्या वेळी मूल मनात काय करत आहे ते त्याला दिसत नाही. शिवाय खेळ त्याने स्वतः बनवला असेल, तर रात्री जागून कापलेल्या पुठ्ठ्यांविषयी त्याला माया असते. म्हणून किमान तिघे लागतात. एक खेळ घेतो, दुसरा दोन-तीनच मुलांवर नजर ठेवतो आणि तिसरा मुलांची बोलणी जशीच्या तशी उतरवून घेतो. ही तिसरी नोंद सर्वांत मोलाची. मुले खेळात रमली, एवढे पाहून दिलेला निर्णय बहुधा फसतो, कारण खेळात रमणे आणि त्यातून शिकणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत.

खेळ जे शिकवण्यासाठी घडला तेच शिकवतो असेही नाही. पाप-पुण्याचे फळ दाखवणारा मोक्षपट महाराष्ट्रातील परंपरा संत ज्ञानेश्वरांकडे नेते. आज त्याच जातीची सापशिडी वर्गात येते ती केवळ अंक मोजण्यासाठी. अमेरिकेत लिझी मॅगी यांनी 1904 मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट घेतले. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नडते हे त्यांना दाखवायचे होते. त्याच खेळातून पुढे ‘मोनोपॉली’ निघाला आणि घराघरांत मुले दुसऱ्याला कंगाल करून जिंकायला शिकली. खेळाच्या खोक्यावर छापलेले उद्दिष्ट वाचून निवड करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

सापशिडीचा पट गटाने तपासला की दोन गोष्टी लगेच पुढे येतात. पहिली, खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. फासा सांगेल तसे सरकायचे. दुसरी, पट नागमोडी असतो. त्यामुळे 10 च्या वर 20 न येता 11 येतो आणि एक ओळ वर गेले की दहा वाढतात, हा दशकाचा संबंध मुलाच्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. तरी खेळ टाकून देण्याची गरज नाही. प्रत्येक ओळ डावीकडून सुरू होणारा पट काढला आणि सरकताना ‘एक, दोन, तीन’ न म्हणता घरातलाच अंक, म्हणजे ‘चोवीस, पंचवीस, सव्वीस’ म्हणायला लावले, तर खेळ पालटतो. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नेमके हेच आढळले: घरातला अंक म्हणत पुढे जाणारी मुले अधिक शिकली. त्याआधी 2008 मध्ये गीता रमाणी व सीगलर यांनी गरीब वस्त्यांतील बालवाडीच्या मुलांना 1 ते 10 अंकांचा सरळ रेषेतील पट पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांत खेळायला दिला. त्यांची अंकांची समज वाढली. अंकांऐवजी रंग असलेल्या तशाच पटावर खेळलेल्या मुलांची वाढली नाही.

दुसरा पुरावा सावध करणारा आहे. 1995 मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेबरोबर मोईरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आदी संशोधकांनी दिल्लीतील 214 बालवाड्यांत प्रयोग केला आणि त्यांतील काहींत संख्या व आकारांचे खेळ घेतले. 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मुलांची नजरेने कमी-जास्त ओळखण्याची क्षमता वाढली आणि टिकलीही, पण शाळेतल्या लेखी गणितात त्याचा फायदा टिकून दिसला नाही. खेळातून वहीकडे जाणारा पूल शिक्षकाला वेगळा बांधावा लागतो. गटाने प्रत्येक खेळाबाबत हा प्रश्न विचारलाच पाहिजे: खेळ संपल्यावर पुढच्या दहा मिनिटांत वर्गात काय होणार आहे?

महाराष्ट्रात या विचाराची मुळे बालशिक्षणाच्या चळवळीत आहेत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली, 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले आणि 1945 पासून बोर्डीत व 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह काम केले. माँटेसरी बालशिक्षण पद्धतीतली महागडी साधने खेड्यात पोचणार नव्हती. त्यांच्या जागी परिसरातले शंख-शिंपले, बिया, पाने आणण्यापूर्वी कोणते साधन मुलांच्या हाती टिकते आणि कोणते नुसतेच दिसायला सुंदर, हे रोज पाहावे लागे. ही पाहण्याची शिस्त आजच्या मूल्यमापनाचा खरा पाया आहे.

आज यासाठी लागणारी बैठक शिक्षकांना वेगळी भरवावी लागत नाही. समूह साधन केंद्राच्या पातळीवर भरणारी शिक्षण परिषद आहेच. मात्र परिपत्रके वाचणे आणि माहितीचे तक्ते भरणे यांतच तिचा वेळ सरला, तर खेळाला जागा उरत नाही. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील, म्हणजे तिथल्या प्रशासकीय शाळागटातील, शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि अनेक शाळांच्या फरशांवर अंक, अक्षरे, चौकटी रंगल्या. कुमठ्याचे बळ शिक्षकांनी एकमेकांशी केलेल्या चर्चेत आणि मुलाला स्वतः शिकू देण्यात होते. जिथे फक्त रंग उतरला आणि चर्चा उतरली नाही, तिथे ती फरशी लवकरच सजावट बनते.

मुंबईतील खारदांड्यासारख्या कोळीवाड्यातल्या वर्गाचा विचार केला की गटात परिसर जाणणारे कोणी असणे का आवश्यक आहे ते कळते. समजा, तिसरीच्या वर्गात खोट्या नोटा घेऊन बाजाराचा खेळ घ्यायचा आहे. छापील संचात किलोचे दर असतात: बटाटे इतके, साखर इतकी. दांड्यात बाजारात आईशेजारी बसलेल्या मुलीला किलोही माहीत असतो, पण तिच्या घरचा हिशेब वाट्यावर चालतो. बोंबलाचा वाटा, मांदेलीचा वाटा, करंदीचा वाटा. वाट्यात किती म्हावरं ठेवायचे हे त्या दिवशी किती आले यावर ठरते, आणि भाव आधी चढा सांगून घासाघिशीनंतर ठरतो. अशी मुलगी खेळात 100 रुपयांचा वाटा 80 ला देते आणि वर दोन बोंबील टाकते. संचाच्या उत्तरपत्रिकेनुसार तिचे चुकले. तिच्याकडे टक लावून बसलेल्या शिक्षिकेला मात्र दिसते की तिने सूट, प्रमाण आणि नफा यांचा विचार तोंडी, क्षणात केला आहे. त्याच गटात उत्तरेकडून आलेल्या, घरी हिंदी बोलणाऱ्या कुटुंबातला मुलगा असेल, तर त्याला माशांची नावेच अनोळखी. तो गप्प बसतो आणि ‘गणितात कच्चा’ अशी नोंद होण्याचा धोका असतो. दोन निरीक्षकांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या, तरच या दोन्ही गोष्टी सापडतात. मग खेळात बदल सुचतो: दराच्या पाटीवर माशांची चित्रे, एका फेरीत वाटा व दुसऱ्या फेरीत किलो, आणि शेवटी दोन्हींचा हिशेब वहीत.

मूल्यमापनाच्या तक्त्यात गुण द्यायला हरकत नाही, पण गुणांची सरासरी काढून निर्णय घेणे हे या पद्धतीतले सर्वांत वाईट वळण. पाच शिक्षकांपैकी चौघांनी 5 पैकी 4 आणि एकाने 1 दिला, तर बोलायचे त्या एकाशी. बहुतेकदा त्याने असे मूल पाहिलेले असते ज्याची पाळीच आली नाही. म्हणून प्रत्येकाने आपले मत आधी लिहून ठेवावे, मग वाचून दाखवावे. ज्येष्ठ मुख्याध्यापकांनी सर्वांत शेवटी बोलावे. पाळीची वाट पाहण्यात गेलेला वेळ घड्याळ लावून मोजावा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 800 तासांचे अध्यापन आणि प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तीस मुलांत एकच पट आणि एकच फासा असेल, तर तासिकेचा बहुतेक भाग मुले पाहण्यातच घालवतात. असा खेळ कितीही छान असला तरी चार-चारच्या गटांना पुरतील इतके संच होईपर्यंत थांबवावा. बाद झालेले मूल गंमत पाहत कोपऱ्यात उभे राहते असे खेळही शिकवण्यासाठी अयोग्यच, कारण सरावाची सर्वाधिक गरज असलेलेच आधी बाहेर पडतात.

डिजिटल खेळांना याखेरीज वेगळी तपासणी लागते. इंटरनेटशिवाय चालतो का, मराठी सूचना ऐकू येतात का, जाहिराती मध्येच येतात का, चुकल्यावर कारण सांगतो की फक्त लाल खूण दाखवतो, हे एका शिक्षकाने टॅबवर पाहून भागत नाही. चुका मुद्दाम करून पाहाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवतो, तेव्हा मुलाचे नाव, फोटो वा क्रमांक मागणारे ॲप गटाने आधीच बाजूला ठेवावे.

निर्णय तीन प्रकारचा असतो : घ्यावा, बदलून घ्यावा, घेऊ नये. प्रत्येकाबरोबर खेळाची आवृत्ती, इयत्ता, पटसंख्या, लागलेला वेळ आणि मुलांची दोन-तीन वाक्ये शाळेच्या नोंदवहीत लिहितात. मतभेद राहिला असेल तर तोही लिहावा. बदलीने नवीन शिक्षक आल्यावर त्याला कपाटात संच सापडतो. तो कशासाठी ठेवला आणि कोणाला अडचण आली, हे ही नोंदच त्याला सांगते. इयत्ता किंवा वस्ती बदलली की जुना निर्णय पुन्हा तपासावा.